विद्यापीठातले विद्यार्थी मोबाइल वॉलेट का वापरतात?

महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकणारी मुले मोबाइलवरून पैसे का देतात, असे विचारले तर बहुतेक जण ‘तरुण पिढी आहे, मोबाइल हातातच असतो’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मोबाइल २०१२ सालीही तरुणांच्या हातात होता आणि मोबाइलवर पैसे ठेवण्याच्या काही सोयी तेव्हाही होत्या, तरी त्या काळातला विद्यार्थी मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला नोटा मोजूनच देत असे. म्हणजे वयात आणि यंत्रात सगळे उत्तर नाही. मधल्या काळात विद्यार्थ्याच्या भोवतालचे काय बदलले, हे पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

त्याआधी एक फरक समजून घेतला पाहिजे, कारण परदेशातले अभ्यास वाचताना इथेच गोंधळ होतो. काटेकोर अर्थाने वॉलेट म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि मग त्यातून खर्च करायचे असे खाते. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि त्यावर मर्यादा असतात. पूर्ण केवायसी, म्हणजे कागदपत्रांनी ओळखीची पडताळणी, न केलेल्या वॉलेटमध्ये महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त भरता येत नाहीत आणि त्यातून केवळ खरेदी करता येते, मित्राला पैसे पाठवता येत नाहीत. केवायसी पूर्ण केली की २ लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. यूपीआयमध्ये मात्र पैसे आधी कुठे भरावे लागत नाहीत, ते एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात थेट जातात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मुंबईत मुख्यालय असलेल्या संस्थेने ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये आणली. आपल्याकडचा विद्यार्थी या दोन्हींमध्ये भेद करत नाही. त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे ‘ऑनलाइन पैसे टाकणे’. म्हणून भारतातल्या विद्यार्थ्यांच्या वॉलेटवापराबद्दल बोलताना प्रत्यक्षात बहुतांश वेळा यूपीआयबद्दलच बोलावे लागते, आणि या लेखातही तसेच केले आहे.

एखादी नवी तांत्रिक सोय माणसे का स्वीकारतात, याचा अभ्यास मोबाइलच्या कितीतरी आधी सुरू झाला. अमेरिकेतले संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली एक साधी मांडणी प्रसिद्ध केली. कार्यालयांत संगणक येत होते आणि काही कर्मचारी ते आनंदाने वापरत, तर काही टाळत, असे का होते हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. एकूण १५२ वापरकर्त्यांच्या आणि चार संगणक प्रणालींच्या आधारे त्यांनी दाखवले की दोन समजुती महत्त्वाच्या ठरतात. ‘ही गोष्ट माझ्या कामाला येईल’ ही एक, आणि ‘ती वापरायला मला जड जाणार नाही’ ही दुसरी. या दोन्हींत पहिलीचे वजन पुष्कळ जास्त निघाले. सोपी आहे पण उपयोगाची नाही, अशी वस्तू लोक वापरत नाहीत. उपयोगाची आहे पण थोडी किचकट आहे, तर कुरकुर करत का होईना, शिकून घेतात. लक्षात ठेवायचे ते इतकेच की डेव्हिस यांनी प्रत्यक्ष उपयोगापेक्षा उपयोगाबद्दलची समजूत मोजली. माणूस निर्णय घेतो तो त्याच समजुतीवर.

पुढे या विषयावर इतक्या मांडण्या झाल्या की २००३ मध्ये संशोधक व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आठ मांडण्या एकत्र करून एक नवी मांडणी तयार केली. त्यात उपयोग आणि सोपेपणा यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आल्या. आपल्या महत्त्वाच्या माणसांचे आपण हे वापरावे असे मत असणे ही एक, आणि ते वापरण्यासाठी लागणारी साधने व परिस्थिती हाताशी असणे ही दुसरी. २०१२ मध्ये व्यंकटेश यांनीच दुसऱ्या सहकाऱ्यांबरोबर हाँगकाँगमधल्या मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्या १,५१२ ग्राहकांच्या माहितीवरून तीन बाबींची भर घातली. वापरताना मिळणारी मजा, मोजावी लागणारी किंमत आणि सवय या त्या तीन बाबी. जगभरातल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या मोबाइल वॉलेटवर जे असंख्य शोधनिबंध लिहिले जातात, ते बहुतेक या चौकटींवर उभे असतात. काही जण त्यात विश्वास आणि धोक्याची भीती या दोन बाबी जोडतात.

चौकट चांगली आहे, पण ती भरायची कशाने हे स्थळकाळावर ठरते. ‘उपयोग’ या कोरड्या शब्दाचा पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, लातूर किंवा यवतमाळहून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत काय अर्थ होतो ते पाहू. त्याच्या दिवसाचे व्यवहार लहान असतात आणि पुष्कळ असतात. सकाळचा चहा, नाश्त्याचे पोहे, अभ्यासिकेजवळ काढलेल्या झेरॉक्सचे बावीस रुपये, पीएमपीएमएलच्या बसचे तिकीट, रात्री मेसमध्ये पाहुणा मित्र जेवला तर त्याच्या ताटाचे पैसे. यातल्या बऱ्याच रकमा सरळ नोटेत बसत नाहीत. पूर्वी अशा वेळी ‘सुट्टे द्या’ यावरून दुकानदाराशी रोज वाद व्हायचा आणि दोन रुपयांच्या जागी चॉकलेट हातात पडायचे. महिनाभराचा हिशेब मोजूनमापून करणाऱ्या मुलाला ते चॉकलेट नको असते, त्याला आपले दोन रुपये हवे असतात. झेरॉक्सच्या काउंटरवर मोबाइल समोर धरला, नेमके बावीस रुपये गेले, दुकानदाराकडच्या छोट्या यंत्राने रक्कम मोठ्याने सांगितली आणि रांगेतला पुढचा मुलगा सरकला, एवढे झाले की त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने उपयोग सिद्ध झाला. नोकरदार माणसाला हीच सोय बरी वाटते. रोज छोट्या छोट्या रकमा देणाऱ्या आणि हातात शिल्लक थोडीच असणाऱ्या विद्यार्थ्याला ती अडचण दूर करणारी वाटते, आणि माझ्या मते या दोन भावनांमधले अंतर मोठे आहे.

उपयोगाची दुसरी बाजू घराकडून येणाऱ्या पैशांची आहे. ज्या घरात पगार एकरकमी येतो तिथले आईवडील महिन्याचा खर्च एकदम देऊ शकतात. ज्या घरात पैसे दुधाच्या बिलावर, सोयाबीनच्या पट्टीवर किंवा रोजंदारीवर येतात, तिथून मुलाला आज पाचशे, आठवड्याने आठशे असेच पैसे येतात. मनीऑर्डरच्या काळात इतक्या लहान रकमा पाठवणे परवडत नसे, आणि नंतर बँकेत जाऊन खात्यात भरायचे तर तालुक्याला एक फेरी लागे आणि दिवस मोडे. आता गावातल्या किराणा दुकानदाराला रोख देऊन ‘पोराच्या नंबरवर टाका’ असे सांगता येते. केनियामध्ये २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइल पैशांची सेवा शहरातल्या कमावत्या माणसाने गावाकडे पैसे पाठवावेत, या गरजेवर वाढली. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पैशांची दिशा उलटी आहे, पण गरज तीच आहे. विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत या गोष्टीसाठी रकाना क्वचितच असतो, याचे मला आश्चर्य वाटते. ‘मोबाइल वॉलेटमुळे माझी कार्यक्षमता वाढते’ या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात, असे विचारून आईने पाठवलेल्या पाचशे रुपयांचे महत्त्व कसे मोजणार?

आता सामाजिक प्रभावाकडे वळू. शोधनिबंधांत याचा अर्थ ‘मित्रांनी सुचवले म्हणून वापरले’ असा सौम्य घेतला जातो. प्रत्यक्षात त्याची पकड जास्त घट्ट असते. महाविद्यालयीन मुलांचा जुना नियम म्हणजे टीटीएमएम, ‘तुझे तू, माझे मी’. चौघे हॉटेलात गेले, बिल ३४० रुपये झाले, एकाने ते भरले आणि बाकीच्यांनी आपापले ८५ रुपये जागच्या जागी त्याच्या मोबाइलवर टाकले, असा आता रिवाज आहे. चौघांपैकी एकाकडेच ही सोय नसेल तर तो ‘उद्या देतो’ म्हणतो, आणि उद्या देतो म्हणणारा मुलगा दोनचार वेळा झाले की गटात अवघडतो. त्याला कोणी आग्रह केलेला नसतो. गटाचा व्यवहार ज्या पद्धतीने चालतो, ती पद्धत त्याच्याकडे नसते, आणि तेवढा दाब पुरतो. अर्थशास्त्रात याला जाळ्याचा परिणाम म्हणतात. टेलिफोनसारखेच इथेही आहे, वापरणारे जितके जास्त तितका प्रत्येकासाठी त्याचा उपयोग जास्त. वसतिगृह आणि वर्ग ही जाळी फार दाट असतात, म्हणून तिथे अशी सोय नोकरदारांच्या वसाहतीपेक्षा लवकर पसरते. पूर्ण केवायसी नसलेल्या वॉलेटमधून मित्राला पैसे पाठवता येत नाहीत, हे वर सांगितलेच आहे. टीटीएमएम चालवणाऱ्या मुलांना ते वॉलेट अपुरे पडले आणि यूपीआयने त्याची जागा घेतली, यात नवल नाही.

पण माझ्या मते सर्वांत निर्णायक बाब चौथी आहे, म्हणजे परिस्थितीची अनुकूलता. विद्यार्थ्याची इच्छा कितीही असो, टपरीवर क्यूआर कोड नसेल तर ती इच्छा तिथेच संपते. हा कोड टपरीवर आला कसा, याची साखळी पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटाचे दर झपाट्याने खाली आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के मूल्य या दोन नोटांत होते, त्यामुळे लहान दुकानदाराला दुसरा मार्ग शोधणे भाग पडले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरच्या व्यवहारासाठी दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. कार्ड स्वीकारायचे तर यंत्र लागते आणि प्रत्येक व्यवहारामागे काही रक्कम कापली जाते. वडापावच्या गाड्यावर ते परवडत नाही, पण छापलेला कागद चिकटवायला काहीच लागत नाही. त्यातच करोनाकाळात नोटांना हात लावण्याची भीती पसरली. अशी एकेक अडचण दूर होत गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरच्या व्यवहारांनी एका महिन्यात प्रथमच १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. विद्यार्थ्याने मोबाइल वॉलेट निवडले असे आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा चहावाल्याने कोड चिकटवण्याच्या निर्णयाचा आहे.

परिस्थितीचा दुसरा भाग बँक खात्याचा आहे आणि इथे एक बारीकशी अडचण आहे. महाराष्ट्रात शासकीय शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलमार्फत आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते, त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांचे खाते आधीच उघडलेले असते. पण खाते असणे आणि ते मोबाइलवर वापरता येणे यांत फरक आहे. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेला क्रमांक ज्या सिमचा आहे, ते सिम त्याच मोबाइलमध्ये असावे लागते, कारण पडताळणीचा संदेश त्या सिमवरूनच जातो. पुष्कळ घरांत खाते उघडताना वडिलांचा किंवा भावाचा क्रमांक दिलेला असतो, आणि मुलींच्या बाबतीत तर हे सर्रास होते. मग ती मुलगी शहरात शिकायला आली, तिच्या हातात स्मार्टफोन आहे, खात्यात शिष्यवृत्ती आहे, समोर क्यूआर कोड आहे, तरीही ती पैसे देऊ शकत नाही, कारण तो क्रमांक गावात वडिलांच्या खिशात आहे. अशी मुलगी प्रश्नावलीत ‘वापरत नाही’ या रकान्यात मोजली जाते आणि निष्कर्षात ‘विद्यार्थिनींमध्ये तंत्रज्ञानाची भीती जास्त’ असे वाक्य येते. हे वाक्य तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिला बँकेच्या शाखेत जाऊन क्रमांक बदलण्याचा अर्ज भरायचा असतो, भीती घालवायची नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’ या सोयीने आईवडिलांच्या खात्यातून ठरावीक मर्यादेत पैसे देण्याची मुभा मुलांना मिळू शकते. या सोयीत दर वेळी मंजुरी न घेता खर्च करण्याची पूर्ण मुभा दिल्यास महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. काही घरांत याने वाट सुकर होईल, पण स्वतःच्या खात्याला तो पर्याय नव्हे.

कॅशबॅक आणि स्क्रॅच कार्ड यांचा मोठा गाजावाजा होतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात. २०१७ मध्ये गूगलने ‘तेझ’ आणले, ज्याचे नाव पुढच्या वर्षी गूगल पे झाले, तेव्हा स्क्रॅच कार्डमधून मिळणाऱ्या रकमांची विद्यार्थ्यांमध्ये खूप चर्चा असे. बक्षिसाने माणूस पहिल्यांदा दारात येतो, हे खरे आहे. पण बक्षिसे आटल्यानंतरही वापर वाढतच गेला, यावरून त्यांचा वाटा सुरुवातीपुरता होता असे म्हणता येते. त्यानंतरचे काम सवयीने केले. सवय झाली की माणूस दर वेळी फायदातोटा तोलत नाही, हात आपोआप मोबाइलकडे जातो. ही सवय आणखी सोपी करणारी सोय म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले ‘यूपीआय लाइट’. त्यात थोडे पैसे मोबाइलवर वेगळे काढून ठेवायचे आणि छोट्या रकमा पिन न टाकता द्यायच्या असतात. आरंभी एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती, आता ती १,००० रुपये आणि एकूण शिल्लक ५,००० रुपये आहे. चहाचे दहा-दहा रुपये पासबुकात ओळीने छापून येणे त्याने थांबते. अर्थात हे पुन्हा खरेखुरे वॉलेटच झाले, फक्त बँकेला जोडलेले.

सवयीला एक काळजीची बाजूही आहे. नोट खर्च होताना पाकीट पातळ होताना दिसते, मोबाइलवर ते दिसत नाही. वीस, तीस, चाळीस करता करता महिन्याच्या पंचवीस तारखेला खाते रिकामे झालेले कळते. खर्चाची यादी मोबाइलवर तयार असते खरी, पण ती उघडून पाहण्याची सवय पैसे देण्याच्या सवयीइतकी सहज लागत नाही.

विश्वास आणि भीती यांविषयी अभ्यासांत नेहमी दिसणारी एक गोष्ट अशी की विद्यार्थी धोका मान्य करतात, तरी वापरत राहतात. यात विसंगती नाही. रक्कम लहान असते, गेलीच तर तेवढीच जाईल असे वाटते, आणि आजवर काही बिघडलेले नसते. शिवाय विश्वास एखाद्या कंपनीपेक्षा एकूण व्यवस्थेवर बसलेला असतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ अखेरीस पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध जाहीर केले आणि १५ मार्चनंतर तिच्या वॉलेटमध्ये नवे पैसे भरता येईनासे झाले, असलेली शिल्लक मात्र वापरता येत राहिली. ज्याचे बँक खाते दुसरीकडे होते, त्याला त्याच खात्यासाठी दुसरे ॲप वापरणे काही मिनिटांचे काम होते. ॲप आणि पैसा वेगळे असण्याचा हा फायदा आहे.

मात्र ज्या धोक्याची विद्यार्थ्याला कल्पना असते, तो आणि खरा धोका पुष्कळदा वेगळे असतात. त्याला वाटते की कोणीतरी यंत्रणेत शिरून पैसे काढील. प्रत्यक्षात फसवणूक बहुतेक वेळा त्याच्याच हाताने पिन टाकायला लावून होते. जुने पुस्तक किंवा सायकल ऑनलाइन विकायला काढली की ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे सांगणारा कोणी भेटतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठी लागतो, ही एवढी गोष्ट पक्की ठाऊक असली तरी यातल्या कित्येक फसवणुकी टळतात. दुसरा धोका तर भीतीच्या यादीत नसतोच. तुमचे खाते काही दिवस वापरू द्या, कमिशन देऊ, असे सांगून विद्यार्थ्यांची खाती चोरीचे पैसे फिरवायला वापरली जातात, आणि पोलिसांचा माग शेवटी खातेदारापर्यंत येतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेचे पुष्कळ विद्यार्थी याच विषयावर प्रकल्प करतात, म्हणून अशा अभ्यासांची मर्यादाही सांगायला हवी. बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नावलीत, एकाच बैठकीत, त्याच मुलाला ‘ही सोय उपयुक्त आहे का’ आणि ‘तुम्ही पुढे वापराल का’ असे दोन्ही विचारले जाते. ज्याने पहिल्याला ‘पूर्ण सहमत’ म्हटले, तो दुसऱ्यालाही त्याच ओघात तसेच म्हणतो, आणि दोन्हींतला संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. २००३ च्या मांडणीने वापराच्या इराद्यात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे ७० टक्के फरक उलगडून दाखवला होता, पण इरादा आणि प्रत्यक्ष कृती एक नसतात. त्यातून आता जवळजवळ सगळेच वापरतात, तेव्हा ‘वापरता का’ हा प्रश्नच बोथट झाला आहे. त्याऐवजी प्रत्येकाला त्याचे शेवटचे दहा खर्च मोबाइल पाहून आणि आठवून लिहायला सांगावेत, कोणता मोबाइलवरून दिला आणि कोणता रोख, हे नोंदवावे, आणि जे रोख दिले ते कशामुळे दिले हे विचारावे. रेंज नव्हती, समोरच्याने रोखच मागितले, खात्यात पैसे नव्हते, घरच्यांना तो खर्च दिसू नये असे वाटले, की क्रमांकच वडिलांचा होता, ही कारणे त्याच वेळी पुढे येतील, आणि तीच आजवरच्या निबंधांत सर्वांत कमी नोंदलेली आहेत.